गाठी कमी झाल्या, पण कशामुळे? फॅटी लिव्हर ते यकृताचा कॅन्सर : एका प्रयोग-मॉडेलचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागातलं आहे. संस्था, वनस्पती आणि माणसं ओळखू येतील असे तपशील काढले आहेत किंवा बदलले आहेत. प्रयोगांचा क्रम आणि त्या त्या वेळी घेतलेले निर्णय मात्र तसेच ठेवले आहेत. या प्रकल्पात माझ्याकडे उंदरांच्या यकृताच्या स्लाइड वाचण्याचं काम होतं. त्यामुळे सगळं सांगताना माझी नजर पॅथॉलॉजीच्या बाजूची असणार, हे वाचणाऱ्यानं गृहीत धरावं.

विभागाकडे एका कडू औषधी वनस्पतीतून शुद्ध स्वरूपात वेगळं काढलेलं एक संयुग होतं. हेप-जी-२ या लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या यकृताच्या पेशींना ओलेइक आणि पामिटिक ही चरबीतली आम्लं पाजून त्यांच्यात चरबी भरायची आणि मग संयुग घालून चरबीचे थेंब कमी होतात का ते पाहायचं, एवढं काम आधीच्या विद्यार्थ्यानं करून ठेवलं होतं. थेंब कमी झाले होते. त्यावर एक शोधनिबंध आला आणि त्याच्या बळावर तीन वर्षांचं अनुदान मिळालं.

हेप-जी-२ ही फॅटी लिव्हरच्या प्रयोगांतली सगळ्यात सोयीची पेशी. स्वस्त, दणकट, कुठल्याही लॅबच्या नायट्रोजनच्या टाकीत सापडणारी. ती अर्जेंटिनातल्या एका १५ वर्षांच्या मुलाच्या यकृतातल्या गाठीतून आली. वर्षानुवर्षं तिला प्रौढांच्या यकृत-कॅन्सरची पेशी म्हणून वापरलं गेलं, पण मूळ गाठ हेपॅटोब्लास्टोमाची, म्हणजे लहान वयातल्या वेगळ्या कॅन्सरची होती, हे २००९ मध्ये मांडलं गेलं. शिवाय फॅटी लिव्हरचा धोका वाढवणारा पीएनपीएलए३ जनुकातला आय१४८एम हा बदल तिच्यात दोन्ही प्रतींवर आहे. आणि औषधं-विषं पचवणारी सायटोक्रोम पी४५० कुळातली विकरं तिच्यात फारच कमी असतात. हा शेवटचा मुद्दा तेव्हा कुणालाच महत्त्वाचा वाटला नाही. पुढे सगळं प्रकरण त्याच्याभोवतीच फिरलं.

अनुदानाच्या अर्जात लिहिलेला प्रश्न मोठा होता : हे संयुग फॅटी लिव्हरपासून कॅन्सरपर्यंतची वाटचाल रोखतं का? प्रश्न काळाला धरून होता. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला होता. २०२३ मध्ये जगभरच्या यकृत संघटनांनी आजाराचं नाव बदललं आणि चरबीसोबत दाहही असलेल्या त्याच्या टप्प्याचं, 'नॅश'चं, 'मॅश' झालं. लॅबमध्ये अजून दोन्ही चालतात. मार्च २०२४ मध्ये रेसमेटिरॉम आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड, अशा दोन औषधांना अमेरिकेत या आजारासाठी मान्यता मिळाली, पण ती मध्यम ते पुढारलेल्या फायब्रोसिसच्या, म्हणजे यकृतात व्रणासारखे तंतू साठलेल्या, पण सिरॉसिसपर्यंत न पोचलेल्या रुग्णांसाठी. कॅन्सर टाळण्यासाठी म्हणून मान्यता मिळालेलं औषध त्यांत नव्हतं.

अडचण

अडचण वेळेची होती. माणसात हा आजार वीस-तीस वर्षं रेंगाळतो. उंदराला फक्त चरबीचा आणि साखरेचा आहार दिला तर यकृतात चरबी काही आठवड्यांत दिसते, ठळक फायब्रोसिसला सहा-सात महिने किंवा जास्त लागतात, आणि गाठी यायच्या तर वर्ष उलटतं. त्याही सगळ्या उंदरांत येत नाहीत. पीएचडीच्या विद्यार्थिनीची फेलोशिप ठरावीक मुदतीची. त्यातले पहिले महिने कोर्सवर्क, सिनॉप्सिस आणि एथिक्स कमिटीत गेलेले.

दुसरी अडचण प्रकल्पाशी जोडलेल्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी पहिल्याच बैठकीत मांडली. "माझ्याकडे येणारे निम्मे रुग्ण दिसायला सडपातळच असतात. मधुमेह, थोडं पोट. काहींना सिरॉसिस नसतानाच गाठ सापडते. यांचा उंदीर कोणता?" या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. बैठकीत सगळे हसले आणि विषय पुढे सरकला. मला वाटतं, तिथे थोडं थांबायला हवं होतं.

समोर असलेले पर्याय

मॉडेलची, म्हणजे उंदरात हा आजार कोणत्या पद्धतीनं घडवायचा याची, निवड विद्यार्थिनीनं एका तक्त्यावर मांडली होती. तक्ता चांगला होता, पण त्यात एक स्तंभ नव्हता. त्याकडे नंतर येते.

मेथिओनिन आणि कोलीन ही पोषकद्रव्यं नसलेला आहार सगळ्यात जुना आणि झटपट. काही आठवड्यांत यकृत चरबीनं भरतं, दाह होतो, फायब्रोसिस सुरू होतो. पण उंदीर वाळत जातो, त्याचं वजन झपाट्यानं घटतं आणि इन्सुलिनला होणारा प्रतिरोध दिसत नाही. मधुमेही, पोट सुटलेल्या माणसाच्या आजाराचं हे उलटं चित्र. त्याची सुधारलेली आवृत्ती म्हणजे कोलीन नसलेला, ०.१ टक्का मेथिओनिनचा आणि ६० टक्के उष्मांक चरबीतून देणारा आहार. यात वजन टिकतं आणि फायब्रोसिसही लवकर येतो, पण यकृताला चरबी बाहेर पाठवता येत नाही म्हणून ती साठते. खाणं जास्त झालं म्हणून नाही.

जपानमध्ये विकसित झालेलं 'स्टॅम' मॉडेल वेळेच्या दृष्टीनं मोहात पाडणारं आहे. जन्मानंतर दुसऱ्या दिवशी पिल्लाला २०० मायक्रोग्रॅम स्ट्रेप्टोझोटोसिन, चौथ्या आठवड्यापासून चरबीयुक्त आहार, आणि विसाव्या आठवड्याच्या आसपास गाठी. पण स्ट्रेप्टोझोटोसिन स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारतं. म्हणजे मधुमेह होतो तो इन्सुलिनच्या अभावाचा. शिवाय ते स्वतःच डीएनएला इजा करणारं रसायन आहे. दोन दिवसांच्या पिल्लात त्यानं यकृतात काय पेरलं, हे वेगळं काढता येत नाही.

डायइथाइलनायट्रोसअमिन, लॅबच्या भाषेत 'डेन', हे कॅन्सर घडवणारं रसायन म्हणजे कॅन्सरवाल्यांचा जुना सोबती. दोन आठवड्यांच्या नर पिल्लाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे २५ मिलिग्रॅमचं एकच इंजेक्शन, मग चरबीचा आहार. गाठी हमखास येतात, लठ्ठपणानं वाढतात. माद्यांमध्ये मात्र खूपच कमी येतात. इस्ट्रोजेन दाह वाढवणाऱ्या इंटरल्युकिन-६ या प्रथिनाला आवर घालतं, हे २००७ मध्ये दाखवलं गेलं. पण त्या गाठींत बदल सापडतात ते प्रामुख्यानं एचरास, बीरॅफ यांसारख्या जनुकांत. माणसाच्या यकृत-कॅन्सरमध्ये टर्ट जनुकाचा प्रमोटर (ते जनुक चालू-बंद करणारा भाग), बीटा-कॅटेनिन आणि टीपी५३ पुढे असतात. टर्टपासून टेलोमरेज हे गुणसूत्रांची टोकं (टेलोमिअर) लांबवणारं विकर बनतं. उंदराच्या पेशीत ते तसंही चालू असतं, टेलोमिअरही लांब, त्यामुळे टर्टची गोष्ट उंदरात घडायचं कारणच नाही.

मग उरले दोन. एक, न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय इथल्या गटानं २०१८ मध्ये मांडलेलं मिश्र मॉडेल : २१.१ टक्के चरबी, ४१ टक्के सुक्रोज आणि १.२५ टक्के कोलेस्टेरॉल असलेला पाश्चात्त्य आहार, पिण्याच्या पाण्यात फ्रुक्टोज आणि ग्लुकोज, आणि जोडीला आठवड्यातून एकदा कार्बन टेट्राक्लोराइड या यकृताला इजा करणाऱ्या रसायनाचं छोट्या डोसचं इंजेक्शन, वजनाच्या दर ग्रॅममागे ०.२ मायक्रोलिटर. बाराव्या आठवड्यात तिसऱ्या टप्प्याचा फायब्रोसिस, चोविसाव्या आठवड्यात गाठी. यकृतातल्या जनुकांची चाल माणसाशी बरीच जुळते असं त्या गटानं दाखवलं होतं.

दोन, निव्वळ आहाराचं मॉडेल. पाम तेल, भरपूर फ्रुक्टोज आणि २ टक्के कोलेस्टेरॉलचा 'गॅन' आहार. याच्या आधीच्या आहारात ट्रान्स फॅट असायचं. अमेरिकेत त्यावर बंदी आल्यावर त्या जागी पाम तेल आलं. आयात आहार परवडत नाही म्हणून जुनाच आहार डालडा घालून घरी बनवू, अशी कल्पना निघाली होती. पण एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं जानेवारी २०२२ पासून खाद्यतेला-तुपातल्या औद्योगिक ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. डालड्यात आता ते ट्रान्स फॅट जवळपास उरलेलंच नाही. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीनं आनंदाची बातमी. आमच्या स्टोअरकीपरला मात्र ती पटवून द्यावी लागली.

तक्त्यात नसलेला स्तंभ हा : 'या मॉडेलमधली इजा कशातून होते, आणि आपलं संयुग त्या पायरीलाच हात घालत असेल तर?'

पहिला निर्णय

मिश्र मॉडेल निवडलं गेलं. चोवीस आठवड्यांत फायब्रोसिस आणि गाठी दोन्ही मिळतात, खर्च आवाक्यात, आणि पद्धत छापलेली. गाइड मॅडमनी त्या वेळी दिलेलं कारण मला आजही गैरवाजवी वाटत नाही. दीड वर्ष उंदीर सांभाळून शेवटी पाच-सात उंदरांत गाठी आल्या, तर आकडेवारीत काहीच सिद्ध होत नाही, आणि मुलीच्या हातात प्रबंध उरत नाही.

एथिक्स कमिटीत चर्चा झाली ती बहुतेक उंदरांच्या संख्येवर आणि त्रासाच्या मर्यादेवर : वजन किती घटलं की उंदीर प्रयोगातून काढायचा, पोटात पाणी झालं तर काय. ते प्रश्न योग्यच होते. कमिटीतल्या पशुवैद्य सरांनी आणखी एक विचारलं, "डोस कधीपासून?" उत्तर होतं, पहिल्या दिवसापासून. ते अर्जावर लिहिलं गेलं आणि अर्ज मंजूर झाला.

संयुग खाद्यात मिसळायचं आधी ठरलं होतं. प्राथमिक चाचणीत उंदरांनी ते खाद्य अर्धवट टाकलं. संयुग कडू आहे, उंदरालाही जीभ आहे. कमी खाल्लं की वजन कमी, वजन कमी की यकृतातली चरबी कमी, आणि आपण औषधाला श्रेय देऊन मोकळे. विद्यार्थिनीनं हे स्वतःहून पकडलं आणि नळीनं तोंडावाटे डोस द्यायचं ठरलं. म्हणजे एक सापळा तिनं वेळेत ओळखला होता, हे नोंदवायला हवं.

नर उंदीरच घेतले. गाठींच्या संख्येत फार चढ-उतार नको म्हणून. प्रत्येक गट दोन-तीन पिंजऱ्यांतच ठेवला गेला. उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, त्यामुळे एका पिंजऱ्यातल्यांचे आतड्यातले जंतू सारखे होतात, आणि पिंजऱ्याचा परिणाम औषधाचा म्हणून मोजला जाऊ शकतो. यावर मी बोलले होते. जागा नव्हती.

स्लाइडवर काय दिसलं

चोविसाव्या आठवड्यानंतर स्लाइड आल्या त्या क्रमांक घातलेल्या. कोणती कोणत्या गटाची, मला माहीत नव्हतं. माणसांच्या बायोप्सीसाठी २००५ पासून वापरात असलेली गुणपद्धतच आम्ही वापरतो : चरबीला ० ते ३, दाहाला ० ते ३, फुगलेल्या पेशींना ० ते २, आणि फायब्रोसिस वेगळा ० ते ४. फुगलेल्या पेशी उंदरात नीट ओळखू येत नाहीत. त्या गुणावर मी स्वतः फारसा भरवसा ठेवत नाही.

कोड उघडल्यावर लॅबमध्ये पेढे आले. संयुग दिलेल्या गटात सिरियस रेडनं रंगलेल्या तंतूंचं क्षेत्र स्पष्ट कमी होतं. पृष्ठभागावर दिसणाऱ्या गाठी कमी, लहान. यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एएलटीही कमी. निबंधाचं शीर्षक त्याच संध्याकाळी ठरलं.

मला खटकलं ते वेगळंच. चरबीचा गुण दोन्ही गटांत जवळपास सारखा होता. पेशींच्या प्रयोगात याच संयुगाची ख्याती चरबी कमी करण्याची, आणि इथे चरबी तशीच. कमी झालं ते चरबीच्या पुढचं सगळं. दुसरं, कंट्रोल गटात, म्हणजे संयुग न दिलेल्या उंदरांत, यकृताच्या प्रत्येक छोट्या खंडातल्या मध्यशिरेभोवती मेलेल्या पेशींचा पट्टा आणि एका मध्यशिरेपासून दुसरीकडे जाणारे तंतूंचे पूल होते. ही कार्बन टेट्राक्लोराइडची ओळखीची सही. संयुगाच्या गटात तो पट्टाच पुसट होता. जखम होऊन भरून आली असं ते चित्र नव्हतं. जखम झालीच नव्हती.

कार्बन टेट्राक्लोराइड स्वतः फारसं विषारी नाही. यकृतपेशीतलं सिप-२ई१ हे सायटोक्रोम पी४५० कुळातलं विकर त्यापासून ट्रायक्लोरोमिथाइल मुक्तमूलक बनवतं आणि ते पेशीच्या पटलावर तुटून पडतं. हे विकर मध्यशिरेभोवतीच्या पेशींत सगळ्यात जास्त असतं, म्हणून इजा तिथे. ज्या उंदरांत या विकराचं जनुकच काढून टाकलं आहे, त्यांना कार्बन टेट्राक्लोराइड जवळपास बाधत नाही. हे १९९० च्या दशकातच दाखवलेलं आहे. तेव्हा संयुग जर सिप-२ई१ अडवत असेल, तर आमच्या उंदरांना आठवड्याला मिळालेलं विष पोचलंच नव्हतं. पाऊसच पडला नाही तर छत्री चांगली होती असं म्हणता येत नाही.

आणि वनस्पतीतल्या संयुगांनी सिप-२ई१ अडवणं हे काही दुर्मीळ नाही. लसणातलं डायअलिल सल्फाइड त्यासाठी प्रसिद्धच आहे. हेप-जी-२ पेशीत हे विकर जवळजवळ नसतंच, त्यामुळे आधीच्या प्रयोगात याचा सुगावा लागण्याची शक्यताही नव्हती.

दुसरा निर्णय : छापायचं की तपासायचं

लॅब मीटिंगमध्ये मी हे मांडलं तेव्हा शांतता झाली, मग वाद झाला. मॅडमचा मुद्दा पोकळ नव्हता. त्या म्हणाल्या, "माणसाच्या मॅशमध्येसुद्धा सिप-२ई१ वाढलेलं असतं. त्यातून घातक ऑक्सिजन रेणू तयार होतात. ते अडवलं तर तोही उपचारच की!" शक्य आहे. पण मग ते ज्या मॉडेलमध्ये विषच या विकरावर चालतं, तिथे सिद्ध करता येत नाही. तिथे खरा फायदा आणि खोटा फायदा दिसायला सारखेच.

पर्याय असे होते. निबंध आहे तसा पाठवायचा आणि समीक्षकानं विचारलं तर बघू. किंवा चर्चेच्या भागात एक ओळ टाकून मोकळं व्हायचं. किंवा तपासायचं. तपासणी महाग नव्हती. यकृताच्या मायक्रोसोममध्ये, म्हणजे पेशी फोडून वेगळ्या काढलेल्या, ही विकरं असलेल्या पटलांच्या तुकड्यांत, क्लोरझोक्साझोन घालायचं, जे आपल्याकडे पाठदुखीच्या मिश्र गोळ्यांत सर्रास असतं. सिप-२ई१ त्याचं ६-हायड्रॉक्सी रूप बनवतं, ते एचपीएलसी या रसायनं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर मोजायचं, आणि संयुग घातल्यावर ते घटतं का पाहायचं. दुसरी चाचणी थोड्या उंदरांत : एका गटाला आधी संयुग, मग कार्बन टेट्राक्लोराइडचा एकच डोस, दुसऱ्या गटाला आधी विष, आणि त्याचं रूपांतर होऊन गेल्यावर काही तासांनी संयुग. खरोखर यकृत सावरणारं औषध असेल तर दुसऱ्या गटातही काहीतरी फरक दिसायला हवा.

विद्यार्थिनीनं सांगितलं की तिला तपासायचं आहे. व्हायवात, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, हा प्रश्न आला तर उत्तर तिला द्यावं लागणार, मॅडमना नाही, असंही ती म्हणाली. मॅडमनी हसून मान्य केलं. मला वाटतं, या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच, आणि तो विज्ञानापेक्षा त्या लॅबमधल्या वातावरणाबद्दल जास्त सांगतो. कित्येक लॅबमध्ये विद्यार्थ्याला हे वाक्य उच्चारताच आलं नसतं.

दोन्ही चाचण्यांनी एकच सांगितलं. संयुग सिप-२ई१ अडवत होतं. विषाच्या आधी दिलं तर एएलटी जेमतेम वाढत होतं. नंतर दिलं तर कंट्रोलइतकंच वाढत होतं.

इथे थोडं विषयांतर. आपल्याकडच्या फार्मसी कॉलेजांत 'यकृतरक्षक' वनस्पतींवर वर्षानुवर्षं प्रयोग होत आले आहेत : विस्टार उंदीर, सात दिवस अर्क, शेवटी कार्बन टेट्राक्लोराइड किंवा पॅरासिटामॉलचा मोठा डोस, आणि एएलटी-एएसटी. पॅरासिटामॉलचं विषारी रूपही मुख्यतः सिप-२ई१ कडूनच तयार होतं. अर्क आधी, विष नंतर, हा क्रम ठेवला की विकर अडवणारा कोणताही अर्क रक्षक ठरतो. त्यातल्या किती निबंधांत विकराची तपासणी आहे, हे ज्यानं त्यानं उघडून पाहावं.

तिसरा निर्णय : आता कोणता उंदीर

विष बदलून पाहू, असा सोपा मार्ग सुचवला गेला. थायोअॅसिटामाइड घ्यायचं का? पण तेही विषारी होतं ते बऱ्याच अंशी सिप-२ई१ मुळेच. डेन? तेही तसंच, या विकराविना जन्मलेल्या उंदरांत डेननं गाठी कमी येतात. म्हणजे झटपट गाठी देणारी आमच्या माहितीतली बहुतेक रसायनं याच एका दारातून आत शिरतात. स्ट्रेप्टोझोटोसिनचं दार वेगळं, ते ग्लुकोजच्या वाहकातून पेशीत जातं. पण मधुमेहाचा प्रकारच बदलतो, म्हणून ते पुन्हा बाजूला पडलं.

तेव्हा अर्जातला मोठा प्रश्न फोडावा लागला. मॅश आणि फायब्रोसिस हा एक प्रश्न, गाठ हा दुसरा. पहिल्यासाठी निव्वळ आहाराचं मॉडेल, आणि संयुग पहिल्या दिवसापासून नाही, आजार बसल्यावर. प्रत्येक उंदराची आधी बायोप्सी घेऊन गट पाडण्याची पद्धत काही ठिकाणी वापरतात आणि ती उत्तम आहे, पण आमच्याकडे तेवढ्या सफाईनं शस्त्रक्रिया करणारा हात नव्हता. त्याऐवजी डोस सुरू होण्याच्या दिवशी एक गट सॅक्रिफाइस करून, म्हणजे मारून, आजार कुठवर पोचला हे पाहायचं ठरलं. नळीनं डोस दिला तरी भूक मंदावते अशी शंका होती, म्हणून औषधाच्या गटानं जेवढं खाल्लं तेवढंच खायला मिळणारा आणखी एक गट ठेवला. उंदीर या वेळी पिंजऱ्यांमध्ये विखरून वाटले गेले.

गाठींचा प्रश्न सोडून दिला. शेपटीच्या शिरेतून जनुकं थेट यकृतात पोचवून विषाशिवाय गाठी उगवण्याचं तंत्र आहे, ते येणाऱ्या एका गटाशी बोलणंही झालं, पण त्या गाठी फॅटी लिव्हरमधून उगवत नाहीत. कॅन्सरच्या वाढीवर संयुगाचा परिणाम त्यातून कळला असता. वाटचाल रोखली का हे कळलं नसतं. विद्यार्थिनीच्या मुदतीत दोन्ही बसणारं नव्हतं.

कमिटीकडे दुरुस्तीचा अर्ज गेला तेव्हा पशुवैद्य सरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, "डोस कधीपासून?" या वेळी त्यावर बराच वेळ बोलणं झालं.

निष्पत्ती

निव्वळ आहाराच्या प्रयोगात संयुग दिलेल्या उंदरांच्या यकृतातली चरबी कंट्रोलपेक्षा थोडी कमी झाली. तेवढंच खाणाऱ्या जोड-गटातही जवळपास तेवढीच कमी झाली. म्हणजे बहुतेक फरक कमी खाण्याचा. फायब्रोसिसमध्ये फरक दिसला नाही. काही उंदरांत उशिरा एखाद-दुसरी गाठ होती, पण इतक्या थोड्यांत की त्यावर बोलण्यात अर्थ नाही.

निबंध शेवटी दोन्ही प्रयोग एकत्र मांडून छापला गेला : विषावर आधारलेल्या मॉडेलमध्ये संयुग प्रभावी का दिसलं आणि आहाराच्या मॉडेलमध्ये का नाही. मॅडमना हवी होती त्यापेक्षा साध्या नियतकालिकात, आणि दोन ठिकाणांहून परत आल्यावर. एका समीक्षकानं 'नकारात्मक निष्कर्ष' म्हणून नाराजी लिहिली. प्रबंध मंजूर झाला. व्हायवात बाहेरच्या परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ मायक्रोसोमच्या प्रकरणावर घालवला.

संयुगाच्या पेटंटचा अर्ज विद्यापीठानं पुढे नेला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त सुधारणा क्रमाची होती. सिप-२ई१ ची चाचणी उंदीर मागवण्याआधी झाली असती तर मिश्र मॉडेल बाद झालं असतं आणि चोवीस आठवडे वाचले असते. ज्या संयुगाचा लक्ष्यरेणू माहीत नाही आणि ज्याला विषाच्या मॉडेलमध्ये घालायचं आहे, त्याची ही तपासणी आधी व्हावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मॅडम अजून थोड्या असहमत आहेत. त्यांच्या मते मिश्र मॉडेलमध्येच संयुग बाराव्या आठवड्यापासून दिलं असतं, आणि त्यानंतर विष थांबवून फायब्रोसिस ओसरतो का पाहिलं असतं, तरी प्रश्न सुटला असता. तेही खरं. ते मॉडेल वाईट नाही. विष आणि औषध एकाच वेळी आत असणं वाईट.

चरबीचा गुण बदलत नाही, हे बाराव्या आठवड्यात काही उंदीर पाहिले असते तरी दिसलं असतं. मधला टप्पा पैशासाठी वगळला गेला होता.

माद्या घेतल्या नाहीत. रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या बाह्यरुग्ण विभागात रजोनिवृत्तीनंतरच्या बायका भरपूर येतात. त्यांच्याबद्दल या प्रकल्पानं काहीच सांगितलं नाही. ॲनिमल हाउस २२ अंशांवर होतं. त्या तापमानात उंदीर सतत ऊब निर्माण करण्यात गुंतलेला असतो. ३० अंशांच्या आसपास ठेवलेल्या उंदरांत चरबीयुक्त आहारानं मॅश जास्त ठळक होतो, हे २०१७ मध्ये दाखवलं गेलं आहे. एप्रिल-मेमध्ये आपण एसी लावून विजेचं बिल भरतो ते उंदराला थंडी वाजावी म्हणून, असा थोडक्यात हिशेब. पण तापमान बदलायचं तर कमिटीची मंजुरी, नियमावली आणि इतर सगळ्यांचे चालू प्रयोग, हे सगळं आडवं येतं.

युरोपातल्या लिटमस गटानं २०२४ मध्ये उंदरांची अनेक मॉडेल माणसाच्या आजाराशी किती जवळ आहेत याची क्रमवारी लावली. पाश्चात्त्य आहाराची मॉडेल त्यात वर आली. निवड करताना ती हाताशी असती तर तक्ता वेगळा दिसला असता, पण क्रमवारीत वरच्या मॉडेलमध्येही आपल्या औषधाचा विषाशी संबंध आहे का, हे विचारावंच लागतं.

सडपातळ रुग्णाच्या उंदराचा प्रश्न तसाच राहिला. डॉक्टरांनी नंतर शस्त्रक्रियेत काढलेल्या यकृताच्या गाठीशेजारचा, कॅन्सर नसलेला भाग पातळ काप करून काही दिवस जिवंत ठेवायला देण्याची तयारी दाखवली. त्यात माणसाचंच सिप-२ई१ असेल आणि माणसाचीच चरबी. मानवी नमुन्यांच्या एथिक्स कमिटीकडे त्याचा अर्ज गेलेला आहे. काप करणारं यंत्र विभागाकडे नाही. शेजारच्या संस्थेत एक आहे, आणि त्याच्या वापराच्या दरावर सध्या पत्रव्यवहार चालू आहे.